कारणाचा रकाना

माझा थोरला भाऊ मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला पोटात एक आणि ओठात एक असं म्हणायला नको. घरात त्याला सगळे दादा म्हणतात आणि पाठीमागे मीटर म्हणतात. मीटर हे नाव मी ठेवलं आणि वहिनीने, म्हणजे त्याच्याच बायकोने, ते उचलून धरलं. नणंद-भावजयीचं आजवर झालेलं हे एकमेव एकमत.

दादा शिलाई मशीनं दुरुस्त करतो. त्याला नोकरी नाही की दुकान नाही. एक जुनी पांढरी व्हॅन आहे, तिच्या मागच्या भागात लाकडी खणांची पेटी, आणि पेटीत सुया, शटल, पट्टे, स्क्रू, तेलाच्या कुप्या. फोन आला की हा निघाला. टेलर, पडदे शिवणारे, गाद्यांचे कारखाने, घरगुती शिवण करणाऱ्या बायका, सगळे त्याचे ग्राहक. काम मात्र चोख, तेवढं मी कबूल करते. ‘माझा हात लागलेलं मशीन वर्षभर हूं की चूं करत नाही,’ असं तो सांगतो आणि ते खरं आहे. माणसांशी कसं वागायचं ते कुणीतरी त्याला असंच उघडून दाखवायला हवं होतं.

हे काम तो आईच्या मशीनवर शिकला. वडील लवकर गेले. आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून आम्हाला वाढवलं. दादा बारा वर्षांचा असताना एका रविवारी आई तयार कपडे पोचवायला गेली आणि याने मशीन उघडलं. एक-एक भाग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला. आई परत आली तेव्हा सबंध मशीन जमिनीवर होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेचे सहा गणवेश द्यायचे होते. ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली. याने सगळं जसंच्या तसं लावलं, वर मशीन आधीपेक्षा हलकं चालायला लागलं. ही गोष्ट आईने आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. तेव्हा सहा वर्षांची मी तीन तास बॅटरी धरून उभी होते, हे मात्र त्या गोष्टीत कधी आलं नाही.

पुढे दहा वर्षं दादाने कपड्यांच्या कारखान्यात मशीनं सांभाळली, साहेबाशी भांडला आणि स्वतःचं सुरू केलं. पहिल्या वर्षी कराचं विवरणपत्र भरायला तो एका हिशेबनिसाकडे गेला आणि तिथेच बिघडला. हिशेबनिसाने त्याला सांगितलं की कामासाठी गाडी जितके किलोमीटर फिरेल, त्यावर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम खर्च म्हणून दाखवता येते आणि तेवढा कर वाचतो. फक्त वही हवी. तारीख, कुठून, कुठे, निघतानाचं मीटर, पोचल्यावरचं मीटर आणि कारण. कारण काम असलं पाहिजे. खासगी फेरी असेल तर ‘खासगी’ लिहायचं, ती धरत नाहीत. दादाच्या हाती ही वही म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

त्याने खोटं कधी लिहिलं नाही. लबाड असता तर निदान समजून घेता आलं असतं. तो इतका प्रामाणिक होता की खासगी फेरीपुढे ‘खासगी’ लिहायचाच, पण तो शब्द लिहायचं त्याच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून त्याने खासगी जाणंच बंद केलं. पोरगा शाळेत बसने जायचा, वहिनी बाजारात चालत जायची. लग्नाच्या वाढदिवसाला वहिनीला बाहेर जेवायला न्यायचं ठरलं, तेव्हा ह्याने त्याच रस्त्यावरच्या एका टेलरला संध्याकाळची वेळ दिली. वहिनी नवे कपडे घालून पन्नास मिनिटं व्हॅनमध्ये बसून होती. ‘आमच्या लग्नाचा वाढदिवस वहीत ‘शटल बदलणे’ म्हणून नोंदलाय,’ ती नंतर म्हणाली. माझा पाय मोडला तेव्हा दादा हॉस्पिटलात मला बघायला आला, पण आधी तळमजल्यावर जाऊन विचारून आला की चादरी शिवणारी मशीनं बरी चालतायत ना. हॉस्पिटलात चादरी शिवायची खोली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

आई माझ्याकडे राहायची. माझं घर दादाच्या घरापासून बारा किलोमीटर. तो वर्षातून दोनदा यायचा. आईला ताप आला की वहिनी डबा घेऊन बसने यायची. ‘त्याला काम असतं गं,’ आई म्हणायची. मी म्हणायचे, ‘काम सगळ्यांनाच असतं. मी काय चष्म्याच्या दुकानात माश्या मारायला जाते?’ तिच्या लाडक्याबद्दल माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा मशीनचा जुना, वाळलेला पट्टा खरोखरच तुटला. आईने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकराच्या ठोक्याला दादा दारात. चाळीस मिनिटं बसला, चहा प्यायला, मशीनमध्ये डोकं घालून आईच्या गुडघ्याबद्दल ऐकलं, दोनदा ‘हं’ म्हणाला. जाताना पावती फाडून आईकडून नावापुरते पैसे घेतले. संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मी फोनवर त्याला काय वाटेल ते बोलले. ‘नियम आहे,’ तो म्हणाला. ‘फुकट केलं तर ते काम धरत नाहीत.’ आई मागून म्हणाली, ‘घेऊ दे गं त्याला. पैसे घेतले तर पुन्हा येईल.’

पंधरा दिवसांनी मशीनचं टेन्शन, म्हणजे दोरा ताणून धरणारा स्क्रू, बिघडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पट्टा उतरला. मग खालच्या दोऱ्याची बॉबिन अडकली. मग पुन्हा पट्टा. दादा दर मंगळवारी यायला लागला. मला वाटलं, म्हातारपणी आईची पुण्याई फळाला आली. मग एका सोमवारी मी दुकानातून जरा लवकर घरी आले, तर आई मशीनपाशी बसलेली, हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

‘काय करतेस?’

‘उद्या मंगळवार ना,’ ती म्हणाली आणि बोटाने चाचपून स्क्रू शोधला, तीन फेरे ढिला केला, पदराने मशीन पुसलं आणि झाकण घातलं.

तिच्या डोळ्यांचा नंबर मीच काढला होता. सुईत दोरा ओवणं सोडा, तिला सुई दिसत नव्हती. शिवण सुटून वर्ष झालं होतं, त्या घरात कापडाची चिंधी उरली नव्हती. जे मशीन कुणी चालवतच नाही ते दर आठवड्याला बिघडतं कसं, हा प्रश्न एवढ्या मोठ्या कारागिराला पडला नाही. मशीनखाली दोऱ्याचा एक तुकडा नसायचा, तोही त्याने पाहिला नाही. बिघाड दिसला की तो दुरुस्त करायचा, वहीत लिहायचा आणि निघायचा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. आईला त्याचं नाक कुठे आहे ते नेमकं सापडलं होतं.

‘त्याला सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस,’ आईने मला बजावलं. मी सांगितलं नाही. आईचा शब्द राखला म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की दादा दर मंगळवारी वेडा बनतोय हे बघायला मला आवडत होतं.

दोन वर्षं असं चाललं. मग एका सोमवारी दुपारी आई जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. दादा अर्ध्या तासात आला. नंतर पंधरा दिवसांनी पुन्हा आला आणि मशीन मागितलं. ‘तुला काय करायचंय? तुला धड काज करता येत नाही,’ म्हणाला. मी मशीनच्या झाकणावर हात ठेवला आणि त्याला दार दाखवलं. त्याने झाकण उघडूनही पाहिलं नाही. मला वाटलं तो ते मोडून भाग विकणार, त्याला वाटलं मी ते असंच विकणार. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

सहा महिन्यांनी माझ्या नावाने कर कार्यालयाचं पत्र आलं. सदर पत्त्यावरील ग्राहक हयात नसल्याने, तिथे राहणाऱ्या व्यक्तीने अमुक तारखेला हजर राहून दुरुस्तीच्या फेऱ्यांबाबत माहिती द्यावी. संध्याकाळी वहिनीचा फोन.

‘ताई, ते मागणार नाहीत म्हणून मी मागते,’ ती म्हणाली. ‘त्या फेऱ्या खोट्या निघाल्या तर तीन वर्षांची सगळी वहीच खोटी धरणार आहेत. सगळा कर, वर दंड. व्हॅन विकावी लागेल. व्हॅन नसली तर हा माणूस काय खांद्यावर पेटी घेऊन फिरणार? तुमचा राग मला माहितीये. पण विचार करून बोला.’

‘बघते,’ मी म्हणाले. खरं तर मी तेव्हाच बघितलं होतं. दादाची व्हॅन माझ्या जिभेवर उभी होती आणि मला त्याचा आनंद झाला होता. मी सांगणार होते की मशीन ठणठणीत होतं, कुणी वापरत नव्हतं, हा किलोमीटर मोजायला यायचा. बसमध्ये दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. वाक्य छान बसलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, समोर तपकिरी कव्हरं घातलेल्या तीन वह्या. मी आले तेव्हा त्याने मान हलवली. मी हलवली नाही.

‘या एका पत्त्यावर दोन वर्षांत त्र्याण्णव फेऱ्या,’ बाई म्हणाल्या. ‘जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. ग्राहक तुमची आई.’

‘ग्राहक कोण असावा असा नियम नाही,’ दादा म्हणाला.

‘नाही. कारण काम असावं, असा आहे.’ त्यांनी एक कागद पुढे ओढला. ‘पट्टा उतरला, बावन्न वेळा. टेन्शन बिघडलं, तीस वेळा. बॉबिन अडकली, अकरा वेळा. बाकीच्या एकाही ग्राहकाकडे तुम्ही वर्षातून दोनदा गेलेला नाहीत. म्हणजे एक तर हे एकच मशीन तुम्हाला दुरुस्त करता आलं नाही, नाहीतर ते बिघडलेलंच नव्हतं. कुठलं धरू?’

दादाचे कान लाल झाले. कर, दंड हे सगळं त्याने ऐकून घेतलं असतं, पण त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. माझ्या जिवाला गार वाटलं.

‘आणखी एक,’ बाई म्हणाल्या. ‘या दोन वर्षांत याच पत्त्यावर एक फेरी खासगी लिहिली आहे. फक्त एक. ती कशी?’ त्यांनी तारीख वाचली.

‘त्या दिवशी आई गेली,’ दादा टेबलाकडे बघत म्हणाला.

त्या दोन वर्षांत त्याच्या वहीत आईकडे कामाशिवाय आल्याची एकच नोंद होती, आणि त्या दिवशी दार उघडायला आई नव्हती. मला भयंकर संताप आला. समोरचा रुमालांचा डबा उचलून त्याला मारावासा वाटला.

‘मशीन खरंच बिघडायचं,’ दादा सांगू लागला. ‘आई म्हातारी झाली होती. दिसायचं नाही, हात थरथरायचे. चालवताना भलतंच काहीतरी ओढायची, फिरवायची. तिला मशीन कळेनासं झालं होतं.’

बसमध्ये घोटलेलं माझं वाक्य तिथेच राहिलं. चाळीस वर्षं जिने त्या मशीनवर आमचं पोट भरलं, तिला मशीन कळत नव्हतं? आणि हे कोण सांगणार, तर जो ते मशीन बघूनही त्यात काय चाललंय ते ओळखू शकला नाही तो?

‘तिला मशीन तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं,’ मी म्हणाले. सहा महिन्यांत मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ‘ती मशीन चालवतच नव्हती. शिवण कधीच सुटलं होतं. घरात चिंधी नव्हती, मशीनखाली दोरा नव्हता. दोन वर्षं तू तिथे खाली वाकून बसत होतास, तुला दिसलं नाही?’

‘मग बिघडायचं कसं?’

‘ती बिघडवायची. दर सोमवारी संध्याकाळी. कधी पट्टा उतरवायची, कधी स्क्रू ढिला करायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपून करायची. तू दुसऱ्या दिवशी यावास म्हणून. ताप आला तर तू यायचा नाहीस. पट्टा उतरला की अकराला दारात.’

बाईंनी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला. ‘म्हणजे प्रत्येक वेळी मशीन खरोखर बिघडलेलं असायचं?’

‘हो. मी पाहिलंय.’

‘आणि असं त्या का करत होत्या?’

‘तुम्हीच म्हणालात ना आत्ता,’ मी म्हणाले. ‘कारण काम असावं असा नियम आहे.’

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग दादाला म्हणाल्या, ‘बिघाड खरा, काम झालेलं, पावत्या आहेत. बिघाड कुणी केला असा रकाना माझ्याकडे नाही. या फेऱ्या कामाच्या धरते. तुमची वही मान्य आहे. जा तुम्ही.’

म्हणजे त्याला बुडवायला गेलेली मी त्याला तारून बसले. रागावून खरं बोललं की असं होतं.

दादा उठला नाही. त्याने खिशातून पेन काढलं, आपली छोटी पट्टी काढली.

‘वही द्या जरा,’ तो म्हणाला. ‘नोंद चुकलीये.’

‘कुठली?’

‘कारणाचा रकाना.’

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की आता खासगी लिहिलं तर तेवढ्यावर कर लागेल, उशिरा दुरुस्ती केल्याचा दंडही लागेल, आणि त्याची काही गरज नाही. ‘भरतो,’ दादा म्हणाला. बाई म्हणाल्या, असंच असेल तर खाली एक ओळ लिहून सही करा, सगळ्या फेऱ्यांना मिळून चालेल.

‘नाही,’ दादा म्हणाला.

त्याने पहिली नोंद काढली. पट्टी ठेवून ‘पट्टा उतरला’ यावर सरळ रेघ मारली, वर ‘खासगी’ लिहिलं, बाजूला छोटी सही केली. मग दुसरी. मग तिसरी. बाईंनी दुसरी फाईल उघडली. मी जाऊ शकत होते पण गेले नाही. वीस-पंचवीस नोंदींनंतर तो वही हातभर लांब धरायला लागला. ह्याला जवळचा नंबर लागलाय आणि ह्याने तपासलेला नाही, माझ्या लक्षात आलं. साठाच्या पुढे त्याचं अक्षर बिघडलं. मधे दोनदा त्याने नाक ओढलं. सर्दी बाईंना होती, त्याला नव्हती. मला त्याची दया आली नाही. एवढी अक्कल यायला दोन वर्षं आणि बावीसशे किलोमीटर लागले, त्याला मी काय करू?

त्र्याण्णव झाल्या. त्याने पेनाला टोपण लावलं.

खाली व्हॅनपाशी तो थांबला. ‘मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर काय केलं असतंस?’

त्याने खरंच विचार केला. दुसऱ्या कुणी काहीतरी बरं वाटेल असं सांगितलं असतं.

‘पट्टा घट्ट बसवला असता,’ तो म्हणाला. मग व्हॅनचं दार उघडून म्हणाला, ‘घरी सोडतो चल.’

‘बस आहे,’ मी म्हणाले आणि चालू लागले. बस वीस मिनिटांनी आली, तोवर तो तिथेच गाडी बंद करून बसलेला दिसत होता.

घरी येऊन मी मशीनचं झाकण काढलं. आई सोमवारी दुपारी गेली, हे मी सांगितलं. त्या सोमवारी तिने संध्याकाळची वाट पाहिली नव्हती. सकाळीच, मी चप्पल घालत असताना, तिने पट्टा काढून चाकाच्या बाजूला ठेवला होता. ‘आज का एवढ्या लवकर?’ मी विचारलं. ‘संध्याकाळी विसरले तर?’ ती म्हणाली.

तो पट्टा अजून तिथेच आहे. मी तो चढवलेला नाही. दोन मिनिटांचं काम आहे, मला येतं. दादाला हे माहीत नाही, आणि मशीन बिघडलंय असा फोन माझ्याकडून त्याला जाणार नाही. आईने दोन वर्षं केले तेवढे फोन पुरे झाले. तो आपणहून आला, तर दार उघडीन आणि झाकण काढून दाखवीन.